बोलायला बंदी असलेली अभ्यासिका

३ जून, नांदूरघाट
पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मी आन दत्ता दोघंबी पास. पळण्यात तो माझ्या लई पुढं. आता लेखी. त्याच्या वयात बसणारी ही शेवटचीच भरती.
अभ्यास नेहमीसारखा त्यांच्या गोठ्यात. मी मोठ्यानं वाचतो, तो म्हशीची धार काढता काढता ऐकतो. पुस्तकाला हात लावत न्हाई, पण मी विसरलेली घटनेची कलमं तोच सांगतो. मला पान दिसलं तर ध्यानात राहतं, त्याला कानावर पडलं तर. शाळेत त्याला ढ म्हणायचे.

८ जून
बीडला अभ्यासिका लावू म्हणलं. दत्ता म्हणला, "हितं काय वाईट चाललंय बे?" गोठ्यात बसून कोन पोलीस झालाय, असं म्हणलो. जरा जोरातच. आला बिचारा.

१५ जून, बीड
अभ्यासिका एक नंबर. प्रत्येकाला वेगळा कप्पा, बोलायला बंदी. माझी दिवसाला चाळीस पानं होतात. दत्ता सकाळपासून एकाच पानावर. ओठ हलले तरी शेजारचा डोळे वटारतो. उद्यापासून रूमवर त्याला तासभर वाचून दाखवायचं.

२९ जून
वाचून दाखवणं राहूनच चाललंय. रूमवर आलो की अंग टाकतो. तोबी काही म्हणत न्हाई.

२१ जुलै
लेखीचा निकाल. मी लागलो. दत्ता थोडक्यात हुकला. यादी तीनदा पाह्यली. गावात त्यानंच मला खांद्यावर घेतलं, गुलाल लावला. घरी येऊन न्हाणीत दार लावून रडलो. ढेकळासारखा मठ्ठ मीच.

२४ जुलै
दत्ताची आई भेटली. "गोठ्यात तुमचं बरं चाललं व्हतं की रं. कावून नेलास त्याला?"


११ सप्टेंबर
ट्रेनिंगला निघालो. भरतीची वयमर्यादा वाढणार म्हणतेत सगळे, खरंखोटं देव जाणे. दत्ता स्टँडवर सोडायला आला, बॅग त्यानंच धरली. शेवटी विचारलंच. अभ्यासिकेत डोक्यात काही जात नव्हतं, तर एकदा तरी बोलायचं नं बे?
"तुझा अभ्यास लई भारी चालला व्हता," म्हणला.
गाडी हालली तशी त्यानं बॅग खिडकीतून आत दिली.