माधुरीची पुस्तकं

अंबरनाथ, शुक्रवार संध्याकाळ, ऑगस्ट १९८७

आज मी तिथेच बोलायला हवं होतं का?

वर्गात वाचनालय करायचं म्हणून मी शिवमंदिराजवळच्या चाळींत जुनी पुस्तकं मागत फिरले होते. माधुरीच्या आईने तिची सगळी गोष्टींची पुस्तकं काढून दिली. माधुरी यंदा माझ्या वर्गात आली असती, पण उन्हाळ्यात तापाने गेली; मुलींना हे सांगितलेलं नाही. प्रत्येक पुस्तकात पेन्सिलने तिचं नाव आहे, 'ध' उलटा काढलेला. मला ते खोडवेना. सुतळीवर पुस्तकं टांगली, तेव्हापासून माझ्या दुसरीतल्या मुली "बाई, माधुरीचं पुस्तक द्या" असंच म्हणतात.

आज वाचनाच्या तासाला तिची आई दाराशी येऊन बसली. संगीता उठून तिच्याकडे गेली.

"काकी, माधुरी शाळेत का नाही येत?"

मी घाईने पुढे झाले. आई मात्र सहज म्हणाली, "ताप आहे गं तिला. उतरला की येईल."

"मग हे तिला नेऊन द्या. माझं वाचून झालं."

"देते हं." पुस्तक पदराखाली घेऊन ती निघाली. मी फाटकापर्यंत मागे गेले, पण हाक मारवली नाही.

तिने पोरीचं मन राखलं, की तिला खरंच तसं वाटतंय? इतका शांत चेहरा... आणि तो उलटा 'ध', डोळे मिटले तरी दिसतोय.

मुलींना खरं सांगायचं असं ठरवूनच मी वर्गात परतले. संगीताने सरकून शेजारी जागा केली होती.

"बाई, ती आली की इथे बसेल."

मी "बरं" म्हणाले.