पडद्यामागचा वजनकाटा

भाट्ये, रत्नागिरी
१२ जुलै २०२४

ती. रावजीदादास,
विमलाचा सा. न. वि. वि.

फोनवर बोलले तर तुझी लेक कान देऊन ऐकते, म्हणून पत्र. तू आणि मृणालीवहिनी मुंबईत नोकरीला, म्हणून वेदिका सातवीला माझ्याकडे राहिली. तेव्हा तिचं काही तुझ्यापासून लपवणं बरं नव्हे.

गेल्या आठवड्यात शाळेत वजनं झाली. सरांनी आकडे मोठ्याने वाचले आणि हिच्या आकड्याला वर्ग हसला. तेव्हापासून डबा तसाच परत येतो आणि संध्याकाळी ही चोरून बिस्किटं खाते. मी रागावले नाही, नुसती शेजारी बसले. तर विचारते, की आत्या, घरी सगळे भोपळी म्हणतात ते लाडाने, मग वर्गात हसले तर मला रडू का येतं? नाव तू ठेवलंस, पण रोज हाक मीही मारलीच ना!

तिला वेगळं पथ्य नको. आता आमचे हे, मी आणि ती, तिघांचं जेवण एकच: नाचणीची भाकरी, भाजी, मासळीचं कालवण. संध्याकाळी दोघी किनाऱ्यावर चालतो. तुझा खाऊचा खोका तेवढा थांबव.

राग मानू नकोस, माया आहे तशी ठेव.
तुझी विमला

मुंबई
२० जुलै २०२४

चि. विमलास अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. लांबच्या बापाने खोका पाठवला की माया पोचली, असं मी धरून चाललो होतो. वेदिकाला फोन करून त्या नावाबद्दल माफी मागितली. तर म्हणाली, की बाबा, तूही लिफ्ट सोड. तेव्हापासून मी चार मजले धापा टाकत चढतो आहे! शाळेत येऊन त्या सरांशी बोलू का?

तुझ्या उपकारात राहणारा,
रावजी

भाट्ये
१८ ऑगस्ट २०२४

ती. दादास सा. न.

तू येण्याची गरजच उरली नाही. वेदिकाने स्वतः अर्ज लिहिला आणि मुख्याध्यापिका बाईंपुढे उभी राहिली. मला दारातच थांबवलं होतं. म्हणाली, की वजन जरूर घ्या, फक्त पडद्याआड घ्या आणि आकडा ज्याचा त्याला द्या. हे कोणी शिकवलं, असं बाईंनी विचारलं. तर म्हणे, कोणी नाही, वर्गात सर्वांत जाड मीच, म्हणून मलाच ठाऊक. सरांनी दुसऱ्या दिवशी भर वर्गात तिची माफी मागितली.

वजन फारसं हललेलं नाही, उंची मात्र वाढली. तपासायला नेलं, तर डॉक्टरीणबाईंना तेवढ्यात समाधान आहे. डबा रिकामा येतो, आणि भूक असली की दुसरी भाकरी उघड मागून घेते. दादा, एवढं धैर्य तुझ्यात नव्हतं नि माझ्यातही नाही.

काल पुन्हा वजनं झाली, या वेळी पडद्याआड. हिच्या वर्गातली संस्कृती नावाची मुलगी चौथीपासून वजनाच्या दिवशी कधी शाळेत येत नसे. काल आली. ती आत गेली तेव्हा वेदिका पडद्याचं टोक घट्ट धरून बाहेर उभी होती. बाहेर येऊन संस्कृतीने तिच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, की चल गो, आता तुझी पाळी.

वहिनीला नमस्कार, आणि आम्हा सर्वांवर जीव असू दे.
तुझी विमला