हिरव्याचा गुलाबी

११ एप्रिल, मंगळवार

जमलं!! संगणकाच्या वर्गात शेजारी बसणाऱ्या बोंग-सुनच्या मांजरीची फोटोतली शेपटी निळी केली. फक्त शेपटी — बाकी मांजर जशीच्या तशी! माउसने कडेकडेने रेघ आखायची, मग रंगाची पट्टी सरकवायची. बस्स. माएंग सर म्हणाले, "आजी, तुमचा हात कुणी धरणार नाही!" सहासष्टाव्या वर्षी कौतुक ऐकून कान गरम झाले. बोंग-सुन म्हणते, "माझ्या मांजरीचं वाटोळं केलंस."

१३ एप्रिल

आज बसस्टॉप जांभळा, योसूचा समुद्र केशरी. ज्येष्ठांच्या केंद्रात जेवायला काय होतं तेही आठवत नाही.

१८ एप्रिल

गृहपाठ — घरचा एक फोटो, त्यातल्या एकाच गोष्टीचा रंग बदलायचा. ८ मेला, आईवडिलांच्या दिवशी, केंद्राच्या भिंतीवर लावणार. घरच्यांना आमंत्रण!

मी बोराच्या लग्नातला फोटो घेतला. तिच्या हातातली फुलं निळी करीन.

फोटोत मुलाची आई निळ्या हानबोकच्या पोशाखात, मुलीची आई गुलाबी. रीतच आहे ती. पाहुण्यांना विचारावं लागत नाही, कोण कोणाची. गुलाबीत आमची ताई. मी कडेला, हिरव्यात — मावशी.

ताईने चार वर्षांची बोरा माझ्याकडे ठेवली आणि ओसाकाला गेली. "दोन वर्षांत नेते." कसलं काय! डबे मी भरले, गोवरात मी जागले, शाळेच्या कागदांवर सही माझी. लग्न ठरलं तेव्हा वाटलं, बोरा गुलाबी मला घालायला सांगेल. आठ दिवस आधी खाली बघत म्हणाली, "मावशी, तुला हिरवा छान दिसेल." दिसला छान. तीन वर्षं झाली, अजून टोचतं.

२० एप्रिल

फुलं दहा मिनिटांत झाली. मग माउस माझ्या बाहीवर गेला. खरंच, ठरवून नाही! बाही, मग घेर, मग छातीवरची गाठ. पट्टी सरकवली — हिरवा गेला, करडा झाला, आणि एकदम गुलाबी!! मी खुर्चीतून उठलेच. बोंग-सुन म्हणाली, "काय झालं गं, विंचू चावला?" पटकन फोटो बंद केला. वेगळं नाव देऊन ठेवला. कुणाला दाखवायचा नाही.

घरी येऊन मात्र चार वेळा उघडून बघितला. काय दिसते मी!

२५ एप्रिल

पेन ड्राइव्ह सरांना दिला. सुटले.

४ मे

मेले! भिंतीवर गुलाबी मी! सरांनी दोन फोटोंतला "जास्त कष्टाचा" निवडला म्हणे. फोटोत आता एका नवरीला दोन आया. मी म्हटलं, "काढा तो, सर." तर म्हणतात, "अहो, छान झालाय. आणि पाहुण्यांना काय कळतंय?" पोरगा अजून बिनलग्नाचा, त्याला काय सांगू!

७ मे

बोराचा फोन. ताई ओसाकाहून आली आहे. दोघी येणार उद्या. आजारी पडावं का?

८ मे

गेले. या दिवशी आईला लावतात ते कार्नेशनचं फूल बोराने दरवर्षीसारखं माझ्या छातीवर लावलं. ताईच्याही लावलं. मग भिंतीपाशी गेलो. ताई फोटोसमोर उभी. किती वेळ! बोरा लाल झाली, म्हणाली, "बोटांपाशी थोडं हिरवं राहिलंय, मावशी." मी म्हटलं, "सरांनी घाई केली." काहीच्या बाही!

ताई म्हणाली, "मला निघायला हवं." जेवलीसुद्धा नाही. मी लाजेने चूर. आणि तरी — खोटं कशाला लिहू — फोटो काढून टाकावासा वाटला नाही.

९ मे

सकाळी ताईचा फोन. "तो गुलाबी बोराने तुझ्यासाठीच शिवायला टाकला होता. मी रडून भेकून मागून घेतला. सांगायचं नाही म्हणून तिला शपथ घातली." आणि फोन ठेवला.

लगेच बोराला लावला. ती म्हणाली, "बोल ना, मावशी." मी म्हटलं, "ते बोटांपाशी राहिलेलं हिरवं आहे ना, तेही आज गुलाबी करते."