पूर्वमुखी साइट

१५ जानेवारी १९६१
सोसायटीच्या साइट्सची, म्हणजे घरांच्या जागांची, सोडत झाली. जयनगरात मला चाळीस बाय साठ! बसवनगुडीच्या या भाड्याच्या वठारात, एका नळावर सहा बिऱ्हाडं, अशी उभी हयात काढली. वर्षाच्या आत स्वतःच्या घरात जाणार. बायकोला, कृष्णाबाईला, सांगितलं. 'सरी', बरं, एवढंच म्हणाली आणि घागर घेऊन नळावर गेली. हिला आनंद दाखवता येत नाही.

१८ जानेवारी
साइटचा रस्ता दक्षिणेला आहे. भीमाचार्याने लक्षात आणून दिलं. आमचा उपाध्याय, शिवाय बालमित्र. दक्षिण यमाची दिशा, तिकडच्या दारातून कर्ता पुरुष फार दिवस ये-जा करत नाही म्हणाला. कर्ता पुरुष मीच. जेवण गेलं नाही.

२२ जानेवारी
भीमाचार्य देवमाणूस! त्यालाही सोडतीत साइट लागली आहे, पूर्वमुखी. ती मला देतो, माझी स्वतः घेतो म्हणाला. जपजाप्य करून दोष सोसणार आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ही म्हणते, दक्षिणा कमी पडली तर मंत्र गाळणारा माणूस एवढा उदार कधीपासून? बायकांचं मन कोतं.

३० जानेवारी
अदलाबदल झाली. सेक्रेटरी हणमंतराव दोनदा म्हणाले, आधी साइट बघून या. पूर्व ती पूर्व, त्यात बघायचं काय? उलट आचार्याला मीच गुंडाळलं असं वाटून वाईट वाटलं. स्वल्पच.

१२ मार्च
पाया खणायला घेतला. कमरेइतक्या खड्ड्याला पाणी. शुभशकुन! विहिरीचं काम वाचलं.

१९ मार्च
पाणी हटत नाही. जुन्या तळ्यातली जागा आहे म्हणे. आज माझ्या हॉलमध्ये तीन म्हशी बसल्या होत्या. तोंडं मात्र पूर्वेला.

४ जून
मेस्त्री म्हणतो, भर घालून चार-पाच वर्षं थांबा. थांबू. मी खचणारा नाही.
आचार्याला जाब विचारला, तळं ठाऊक नव्हतं का? म्हणाला, लहानपणी तिथेच पोहायला जात होतो. पण तू दिशा विचारलीस, तळं नाही विचारलंस. एवढ्या वर्षांची मैत्री! केसाने गळा कापला मेल्याने. आजपासून बोलणं बंद.

२७ ऑगस्ट
आचार्याच्या घराची वास्तुशांत. जाणार नव्हतो. हिला एकटं पाठवणं बरं दिसलं नसतं.
घराचं दार पूर्वेला! रस्ता दक्षिणेलाच आहे, पण बाजूला बोळ सोडून दार पूर्वेला काढलंय. दार कुठेही काढता येतं, हे मला एकाही माणसाने का सांगू नये? रागाच्या भरात पुरणाचे पाच होळगे खाल्ले.

९ ऑक्टोबर
वठार पाडून तिथे तीन मजली इमारत होणार. मालकाने दिवाळीनंतर जागा रिकामी करायला सांगितलं. घाबरायचं कारण नाही. माझ्या ओळखी पुष्कळ.

२ डिसेंबर
ओळखी वापरून झाल्या. अखेर हीच परस्पर आचार्याच्या बायकोकडे, गोदूबाईकडे, जाऊन आली. आज बिऱ्हाड हलवलं. आचार्याने भाड्यासाठी रस्त्याकडची खोली काढली आहे, ती मिळाली.
खोलीचं दार दक्षिणेला.
यमाचं काय, म्हणून विचारलं. आचार्य म्हणाला, शास्त्राप्रमाणे दिशा घरधन्याला लागते, भाडेकऱ्याला नाही.
ही उंबऱ्यासमोर रांगोळी काढून आत गेली. मी जरा वेळ रस्त्यावरच उभा होतो. मग पाऊस आला, डोक्यावरची गादी भिजायला लागली, म्हणून आत गेलो.