एका गावाची उजवी मान

प्रिय आणि वंदनीय व्हर्नाताई,

तुझा गुडघा, तुझं मांजर आणि सेंट लुईसची तुझी ती कुरकुरणारी लिफ्ट, तिघंही धडधाकट असोत अशी प्रार्थना करून लेखणी उचलतो. इकडे मी खुशाल. (गेल्या महिन्यात फोनवर हुंदके देणारा मी नव्हेच, असं समज.) आधी गोड बातमी: आपली डेला डॉक्टरच होणार! ती नापास झाली नाही, कॉलेजातून पळाली नाही आणि संडासाच्या टाक्याही तपासणार नाही.

टाक्यांचा घोळ तुला अर्धवटच ठाऊक असेल, कारण उरलेला अर्धा मी रडण्यात घालवला. झालं असं की नात जूनमध्ये घरी आली. ऑस्टिओपॅथीच्या कॉलेजातली तीन वर्षं पार पडली होती, उरलं होतं एक. (आपल्या घराण्याचा विश्वास पहिल्यापासून हाडांना हात लावणाऱ्या डॉक्टरांवरच. नुसती गोळी लिहून देणाऱ्याला आई दारातूनच लिंबूपाणी पाजून वाटेला लावायची.) शेंगा मोडता मोडता डेला सहज म्हणाली, "आजोबा, शेवटचं वर्ष थोडं पुढे ढकलते. मध्ये सार्वजनिक आरोग्याची पदवी घेते." माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. आपल्या परगण्यात सार्वजनिक आरोग्य म्हणजे कोण? कोर्टामागच्या बैठ्या कचेरीतली ती बाई, गमबूट घालून लोकांच्या परसात संडासाच्या टाक्यांत डोकावणारी! मी आशेनं पाहिलेलं सगळं स्वप्न त्या टाकीत बुडालं. त्यात न्हाव्याच्या दुकानात शेजारच्या शेतावरचा ड्वाइट पिकेन्स, अर्ध्या गालाला साबण फासलेला, सगळ्यांदेखत ओरडला, "काय रे ऑर्विन, नातीला गमबूट घेतलेस की माझे जुने देऊ?"

तेव्हा मी ठरवलं की पोरीला डॉक्टरकीकडे परत ओढायचं. घरातच एक रोगी विव्हळत पडला तर ती जाईल कुठे? सकाळी उठलो तो कंबर धरूनच. शाळेत बाईंनी पाठ करून घेतलेली ओढ्याची कविता (तुला पहिलं कडवंही कधी यायचं नाही) कण्हण्याच्या सुरात म्हणू लागलो. डेलानं टेबलावरचा पाय बाजूला केला (म्हणजे सफरचंदाचा, भट्टीत भाजलेला, खायचा पाय; माझा पाय तिनं नंतर उचलून ठेवला), मला पालथं घातलं आणि बोटं फिरवू लागली. म्हणाली, "कविता चालू द्या, कडव्याच्या शेवटी श्वास सोडा." ताई, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला पूर्ण कविता म्हणू दिली! मी भारावून गेलो, तोवर निकाल लागला. "तुमची कंबर उत्तम आहे. ती खोटं बोलत नाही, तुम्ही बोलता. पण मान मात्र अडकली आहे. उजवीकडे घुबडासारखी फिरते, डावीकडे फिरतच नाही. सारखे मागे वळून काय बघता?"

मी गंभीरपणे सांगितलं की माझ्यासारख्या कविमनाच्या माणसाला गतकाळ साद घालतो.  पण त्याच दुपारी ड्वाइट मला चिडवायला आला, तर तिनं त्याचीही मान धरली. घुबड! रविवारी चर्चच्या तळघरात पुरुषमंडळींची न्याहारी असते, तिथे ती एकेकाच्या मागे उभी राहून मान चाचपत गेली. लोक धिरड्यांवर पाक ओतत होते आणि मागून डेला म्हणत होती, "हेही उजवे." मग तिनं विचारलं, "तुम्ही सगळे नांगरताना कुठे बघायचा?" सगळ्यांनी एकदम उजव्या खांद्यावरून मागे पाहिलं. ट्रॅक्टरचं उजवं चाक नांगराच्या सरीत आणि डोळे मागच्या नांगरावर, जन्मभर! (मला जरा लागलंच. जी मी आयुष्यभर काव्यवृत्ती समजलो, ती नांगरट निघाली.)

घरी येताना ती म्हणाली, "एकाची मान मी टेबलावर सोडवीन. पण गावाचीच एका बाजूला अडकली असेल, तर पोरांच्या ट्रॅक्टरांना आरसे लावा म्हणून कोण सांगणार? त्यासाठी दुसरी पदवी." ड्वाइट फणकारला, "ट्रॅक्टरला आरसा? मग लिपस्टिकही लावतो!" आणि शनिवारी गुपचूप आरसा बसवून मोकळा झाला. मी भीतभीत विचारलं, "मग पोरी, तू माझी डॉक्टर की गावाची?" ती म्हणाली, "तुमची मान गावातच आहे ना, आजोबा?" ताई, छातीवरचा धोंडा उतरला. वर्षभरानं ती कॉलेजात परत जाणार, आणि मग डॉक्टर.

तुझा धाकटा भाऊ,
ऑर्विन

ता. क. पत्राचं खरं कारण आता लिहितो. तिचे वर्ग ऑगस्टपासून तुझ्याच शहरात आहेत. एक वर्ष तिला ठेवून घेशील का? मी शब्द टाकला हे तिला कळू देऊ नकोस.

ता. क. दुसरा. डेला आत्ताच खांद्यावरून हे वाचून हसत सुटली. तिनं म्हणे तुला मे महिन्यातच विचारलं आणि तू तिथल्या तिथे हो म्हणालीस, दोन्ही पदव्यांचं नीट समजूनही घेतलंस! म्हणजे मी फोनवर रडत होतो तेव्हा तू नुसती "अरेरे, अरेरे" म्हणत मजा बघत होतीस? असो. रागावलेला नाही. तिला खिडकीची खोली दे.