राहून गेलेली काण

प्रिय कंकुबेन,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी ‘बरी आहे’ म्हणाले, ते खोटं नव्हतं. जेवते, झोपते, म्हशीचं दूध काढते. माझी मेघी शाळेत जायला लागली. मध्यंतरी संस्थेने मला भुजला बोलावलं होतं. साथीत आमच्या गावाने रोग कसा आवरला ते इतर गावांतल्या कार्यकर्त्या बायकांना सांग, म्हणाले. मी सांगितलं. टाळ्या पडल्या. मग पुरी-भाजी होती, ती खाल्ली आणि बसने परत आले.

तिथे काय बोलले ते तुलाही सांगते, कारण सुरतेला बसून तुला यातलं निम्मंच ठाऊक आहे. तोंड झाकायला आमच्या बायकांना शिकवावं लागलं नाही, ओढणी होतीच. लशीला घाबरत होत्या, पण मी आधी टोचून घेतल्यावर कुरकुरत का होईना आल्या. अडलं ते काणीपाशी, मयताघरी रडायला जाण्यापाशी. माणूस गेलं की गावच्या बायका डोक्यावरून काळी ओढणी घेऊन, वेशीजवळच्या गुरांच्या पाण्याच्या हाळापासून टाहो फोडत येणार. तो ऐकून घरची बाई आतून तसाच टाहो फोडत धावणार, मग गळ्यात पडून रडणं. मागल्या गल्लीतले म्हातारे रूडाबापा गेले तेव्हा सगळ्या अशाच गेल्या, आणि त्या गल्लीत घर न् घर तापाने पडलं. त्यानंतर मी दारोदार फिरले. काणीला जाऊ नका. आपापल्या दारात उभ्या राहून हात जोडा. मोठ्याने रडूही नका, कारण एकीने टाहो फोडला की दुसरीचे पाय घरात थांबत नाहीत.

आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या धनीमाने मला ओट्यावरूनच झापलं, “आता रडायलाही तुझ्या संस्थेची परवानगी लागते काय गं? ज्याच्या दारात कुणी रडलं नाही तो काय कुत्र्याच्या मौतीने मेला?” मी म्हटलं, “मा, मेलेल्याला तुझं रडणं इथूनही पोचेल. पण तू मेलीस तर मला टोमणे कोण मारणार?” ती हसली नाही. पण पुढे तिचा सख्खा दीर गेला तेव्हा ती आपल्या उंबऱ्यातच उभी राहिली. तिने पाळलं म्हटल्यावर गावाने पाळलं.

मग मेघीचे बापू गेले. दवाखान्यातून त्यांना परस्परच स्मशानात नेलं. मी तापाने मागच्या खोलीत होते. दिराने फोनवर सांगितलं. मी उठून दार उघडलं. गल्लीतल्या सगळ्या बायका आपापल्या दारात उभ्या होत्या, डोकी झाकलेली, हात जोडलेले. धनीमाने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला होता. एकीनेही उंबरा ओलांडला नाही. मी शिकवलं होतं तसंच सगळं झालं. थोडा वेळ उभी राहिले आणि दार लावून घेतलं.

तूही बॅग भरून निघाली होतीस, मीच नको म्हटलं. आज पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच म्हणेन. त्यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. तेव्हा कुणी आलं नाही म्हणून तर आज धनीमा जिवंत आहे आणि येता-जाता म्हणते, “अगं, रड की एकदा! का डोळ्यांनाही मास्क बांधलास?”

कंकुबेन, मी अजून रडलेच नाही. वाटलं होतं, आपोआप येईल. येत नाही. त्यांची चप्पल दारात आहे, तिच्याकडे बघते आणि झाडायला लागते. आपल्याकडे बाई एकटीने कधी सुरुवात केली आहे का? हाळापासून हाक येते तेव्हाच आतून निघतं. आता निर्बंध उठले, लग्नं दणक्यात होताहेत, पण गावच्या बायकांना आता माझ्या दारात टाहो फोडता येत नाही. बारावं झाल्यावर शिळा टाहो घरावर आणायचा नसतो. तो हक्क फक्त माहेरच्या बाईला, ती जेव्हा पहिल्यांदा येईल तेव्हा. तू अजून आलेली नाहीस.

दिवाळीला मिठाई घेऊन येते म्हणालीस. मिठाई नको आणि दिवाळीपर्यंत थांबूही नकोस. बसमधून उतरलीस की हाळापाशी काळी ओढणी पुढे ओढ आणि त्यांचं नाव घेऊन मोठ्याने टाहो फोड. मला ते नाव घेता येत नाही, तुला येतं. लोक बघतील, बघू देत. ये. मला रडव. मी दार उघडं ठेवते.

तुझीच धाकटी,
राणल