दुखावलेल्या पिचरचं कार्ड

बाई, तुम्ही गेल्याचं मला शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं, तेव्हा मी इथे हॅनोव्हरला ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जेवत होते. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आज लिहायला बसले त्याचं कारण तुम्हाला विचित्र वाटेल. मी आणि माझी लेक बेसबॉलच्या खेळाडूंची कार्डं जमवतो. "खेळायचं सोडून चित्रं काय जमवता?" असं तुम्ही नक्की म्हणाला असतात. तर लेक खेळते, हे आधीच सांगते. इथल्या क्लबात ती कॅचर आहे, जळगावला तुमच्या सॉफ्टबॉलच्या टीममध्ये मी होते तशीच.

कार्डं अमेरिकेतून येतात, बंद पाकिटात. आत कोण निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. चकचकीत जाड कागद, एखाद्याला सोनेरी कडा, एखाद्यावर खेळाडूची खरी सही. सगळ्यांचा डोळा असतो तो रूकी कार्डावर, म्हणजे खेळाडूच्या पहिल्या मोसमातल्या कार्डावर. तो अजून कोणी झालेला नसतो, पुढे होईल अशा अंदाजावर लोक त्याला जपतात. रविवारी आम्ही किचनच्या टेबलावर पाकिटं फोडतो. मी घाई करायला लागले की लेक म्हणते, "लांगझाम, ममा." हळू. कोपरा जरा दुमडला तरी कार्ड वाया जातं. मी तिच्याशी मराठीत बोलते, ती मला जर्मनमध्ये उत्तर देते, आणि आमचं बरं चालतं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या पाकिटातून एका तरुण पिचरचं रूकी कार्ड निघालं, सहीचं. त्या मोसमात सगळे त्याच्याच मागे होते. क्लबच्या हॉलमध्ये अधूनमधून कार्डांच्या अदलाबदलीचा बाजार भरतो, तिथे एक निवृत्त गृहस्थ आपली अख्खी फाईल तिच्यापुढे उघडून बसले. "यातली हवी ती घे, मला तेवढं एक दे," म्हणाले. ती नाही म्हणाली. उन्हाळ्यात बॉल टाकता टाकता त्या पिचरचं कोपर गेलं. शस्त्रक्रिया झाली, पुढचा मोसम बाद. त्यानंतरच्या बाजारात त्याच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. घरी आल्यावर लेकीने ते कार्ड फाईलमधून काढलं आणि रबरबँड, जुने सेल असलेल्या ड्रॉवरमध्ये टाकलं. म्हणाली, "तो आता कापुट झालाय." मोडीत निघालाय.

"माणूस आहे तो," मी म्हटलं, "वॉशिंग मशीन नाही."

माझा आवाज चढला असावा. ती म्हणाली, "पण तू का चिडतेस? तू तर त्याला ओळखतही नाहीस."

तेव्हा मी तिला पहिल्यांदा तुमच्याबद्दल सांगितलं. नायलॉनची साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. चुन्याने आखलेलं मैदान, आणि सकाळी सातलाच तापायला लागलेली माती. बॉल सुटला की तुम्ही म्हणायचात, "माझ्याकडे काय बघतेस? बॉल माझ्याकडे आहे का?" नववीत होम बेसकडे धावत आलेल्या मुलीला अडवताना मी खांद्यावर पडले, तेही सांगितलं. दोन महिन्यांनी मी परत मैदानात उभी राहिले, बॉल दुसऱ्या बेसपर्यंत पोचत होता, आणि तरीही राज्य स्पर्धेची टीम वाचून दाखवताना तुम्ही माझ्या जागी दुसऱ्या मुलीचं नाव घेतलंत. सगळ्यांसमोर.

त्या संध्याकाळी तुम्ही आमच्या घरी आलात. मी आतल्या खोलीत होते, बाहेर आले नाही. तुम्ही स्वयंपाकघरात आईशी बोलत होतात आणि मला सगळं ऐकू येत होतं. "ताई, बॉल फेकला की ती ओठ चावते. तिला वाटतं मला दिसत नाही. यंदा नेली तर जिंकूनही देईल, पण पुढे हात वर व्हायचा नाही." आई म्हणाली, "बाई, पुढच्या वर्षी दहावी. हिचे वडील खेळू देणार नाहीत." तुम्ही म्हणालात, "मग तिचं राहून जाईल. पण मी नेणार नाही." जाताना तुम्ही तुमचा स्वतःचा ग्लोव्ह ओट्यावर ठेवून गेलात. कितीतरी दिवस मी त्याला हात लावला नाही. आई पोळ्या करताना तो उचलून खिडकीत ठेवायची आणि नंतर परत ओट्यावर.

दहावीत खेळ सुटला तो सुटलाच. राज्य स्पर्धा मी कधी खेळले नाही.

लेकीने सगळं ऐकून घेतलं. "हात दुखतो अजून?" तिने विचारलं. नाही दुखत. ट्रेनमध्ये जड बॅग मी एकटी वर ठेवते, लेकीला सराव देते. "म्हणजे त्यांचं बरोबर होतं," ती म्हणाली. मी म्हटलं, "गेनाऊ." अगदी. ती उठली, ड्रॉवरमधून कार्ड काढलं, शर्टाच्या टोकाने पुसलं आणि फाईलमध्ये परत सरकवलं.

या वसंतात तो पिचर परत आला. पूर्वीचा वेग राहिलेला नाही, पण बरा टाकतो. त्याच्या कार्डामागे आता कोणी धावत नाही. ते गृहस्थ मात्र परवा त्याची चौकशी करून गेले, आणि लेक पुन्हा नाही म्हणाली.

हे पाठवायचा प्रश्नच नाही, म्हणून लिहून टाकते. लेकीला मी गेनाऊ म्हटलं, कारण तिच्याही खांद्याची मला काळजी आहे. पण तुमच्यापुरतं सांगते, बाई. तुम्ही मला न्यायला हवं होतंत, असंच मला आजही वाटतं.